'कुंकू'चा शेवट कुठे अडतो : एका वादाचा प्रकरण अभ्यास

व्ही. शांताराम यांच्या चित्रपटांवर चर्चा सुरू झाली की थोड्याच वेळात ती दोन ठरलेल्या वाटांना लागते. एक बाजू छायाचित्रण, ध्वनी, प्रतीके आणि विषय निवडण्याचे धाडस यांविषयी भरभरून बोलते. दुसरी बाजू कथेकडे बोट दाखवते आणि म्हणते की हा दिग्दर्शक प्रश्न फार मोठा उभा करतो, पण तो सोडवायची वेळ आली की कोणाचा तरी मृत्यू घडवून मोकळा होतो. आमच्या लहानशा चित्रपट-अभ्यास गटात हा वाद तीन बैठका चालला. निमित्त होते प्रभात फिल्म कंपनीच्या १९३७ सालच्या 'कुंकू'चे. गटाचा निमंत्रक या नात्याने टिपणे माझ्याकडे होती आणि पुढचे लेखन त्या टिपणांवर आधारलेले आहे. वाद सुरू झाला तेव्हा मी दुसऱ्या बाजूला होतो. आक्षेप मी आजही पूर्णपणे मागे घेतलेला नाही, पण तो ज्या जागी मी ठेवला होता ती जागा चुकली होती, असे आता वाटते.

प्रकरण काय आहे

'कुंकू' हा ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर बेतलेला चित्रपट. पटकथाही आपट्यांचीच. हिंदीत तो 'दुनिया न माने' या नावाने निघाला. नीरा ही पोरकी मुलगी मामाकडे वाढलेली आहे. मामा पैशाच्या लोभाने तिला फसवून एका म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात बांधतो. हे विधुर म्हणजे वकील काकासाहेब. त्यांना नीराच्याच वयाची मुले आहेत. नीरा लग्न मोडू शकत नाही, पण ते मानायलाही तयार नाही. त्याच घरात राहून ती नवऱ्याला आपल्या जवळ येऊ देत नाही. घरातल्या म्हाताऱ्या आत्याबाईंचा जाच तिला सोसावा लागतो, सावत्र मुलाची वाईट नजर तिच्यावर पडते आणि ती त्याला छडीने फोडून काढते. काकासाहेबांची मुलगी, जी विधवा आहे आणि समाजकार्यात वावरते, घरी येते, तेव्हा नीराला पहिल्यांदा कोणाचा तरी आधार मिळतो. अखेरीस काकासाहेबांना आपली चूक उमगते. नीराने पुन्हा लग्न करावे, असे पत्र मागे ठेवून ते आत्महत्या करतात.

वाद आहे तो या शेवटच्या वळणावर. गटातल्या एका तरुण पटकथालेखकाने पहिल्याच बैठकीत तो नेमक्या शब्दांत मांडला: "सर, नीराने दीड तास 'नाही' म्हटलं. त्या 'नाही'ला उत्तर देण्याऐवजी लेखकाने समोरचा माणूसच काढून टाकला. मी असं लिहून नेलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता की संघर्ष सुटला नाही, संपवला." मी त्याच्याशी सहमत होतो. गटातल्या निवृत्त वकीलबाई मात्र त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी चित्रपट पुन्हा पाहण्यासाठी वेळ मागून घेतला.

आधी बलस्थाने, कारण ती कथेपासून वेगळी काढता येत नाहीत

पहिली बैठक बरीचशी ध्वनीवर गेली, आणि ते योग्यच झाले. 'कुंकू'मध्ये पार्श्वसंगीत नाही. १९३७ साली, बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षे झाली असताना आणि प्रेक्षक डझनावारी गाण्यांना सरावलेला असताना, भावनेला वाद्यवृंदाचा टेकू द्यायचा नाही, असा निर्णय घेणे ही मोठी गोष्ट होती. पडद्यावर ऐकू येतात ते घरातलेच आवाज, आणि गाणीही प्रसंगातूनच उगवतात. संगीत दिग्दर्शक केशवराव भोळे आणि काकासाहेबांची भूमिका करणारे केशवराव दाते हे दोघेही 'नाट्यमन्वंतर'च्या प्रयोगातून आलेले होते. या संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' या १९३३ सालच्या नाटकाने मराठी रंगभूमीवरची गायनाची मक्तेदारी आणि आरडाओरड्याचा अभिनय यांना जाणीवपूर्वक बाजूला ठेवले होते. 'कुंकू'तली शांतता त्या नाटकाची धाकटी बहीण वाटते. हा दुवा मी आजवर पुरेसा लक्षात घेतला नव्हता, हे कबूल करायला हवे.

भिंतीवरच्या जुन्या घड्याळाविषयी इतके लिहिले गेले आहे की ते टाळावेसे वाटते, पण टाळता येत नाही. या घड्याळाचे वय काकासाहेबांच्या वयाशी जोडलेले आहे, आणि त्याची टिकटिक ज्या खोलीत ऐकू येते त्या खोलीत काकासाहेब आणि नीरा यांच्यामध्ये पडलेले वर्षांचे अंतर कोणी न बोलता ऐकू येते. आरशाचेही तेच. म्हातारपण झाकू पाहणारा माणूस स्वतःच्याच प्रतिबिंबासमोर उघडा पडतो. अशा जागी शांतारामांना संवादाची गरज उरत नाही. त्यांची प्रतीके पुढे, विशेषतः रंगीत चित्रपटांच्या काळात, सजावटीकडे झुकली असे माझे स्पष्ट मत आहे. 'कुंकू'त मात्र ती घरातल्या वस्तूंमधूनच येतात, बाहेरून आणून ठेवावी लागत नाहीत.

अभिनयातला विरोध तर कथेचा कणाच आहे. शांता आपटे यांची नीरा रडत नाही, निदान मराठी नायिका ज्या रीतीने तोवर रडत होती त्या रीतीने रडत नाही. तिच्या नकारात तोरा आहे, मधूनमधून खेळकरपणा आहे, आणि क्वचित निव्वळ थकवा आहे. अमेरिकन कवी लाँगफेलोची इंग्रजी कविता ती गाते, तेव्हा मुकाट हाकलल्या जाणाऱ्या गुरांसारखे जगू नका, हा त्या कवितेतला आशय नीराच्या तोंडी बाहेरून चिकटवलेला वाटत नाही. (पुढे १९३९ साली शांता आपटे यांनी कराराच्या वादावरून प्रभातच्या फाटकासमोर उपोषण केले. पडद्यावरची नीरा आणि ही अभिनेत्री यांच्यात फार अंतर नव्हते, असे मला नेहमी वाटत आले आहे.) समोर केशवराव दाते आहेत. त्यांनी काकासाहेबांना खलनायक होऊ दिलेले नाही. ते हट्टी आहेत, हास्यास्पद आहेत, आणि तरी आपण त्यांना हसत असताना आपल्याला थोडी लाज वाटते. नेमक्या याच यशातून पुढची अडचण उभी राहते.

दुसरी बैठक : वकीलबाईंनी आणलेला कायदा

दुसऱ्या बैठकीत वकीलबाईंनी चर्चेची दिशाच बदलली. त्यांचा मुद्दा असा होता की शेवट सोयीचा आहे की नाही हे ठरवण्यापूर्वी, १९३७ साली मुंबई प्रांतातल्या एका उच्चवर्णीय हिंदू विवाहितेला कोणते दरवाजे उघडे होते ते तपासले पाहिजे. कथेतला दुवा कच्चा आहे असे आपण म्हणतो, तेव्हा पात्राला दुसरा मार्ग उपलब्ध होता आणि लेखकाने तो दाखवला नाही, असे आपण गृहीत धरतो. मग तो दुसरा मार्ग कोणता, हा त्यांचा प्रश्न होता.

घटस्फोट हा मार्ग नव्हता. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ साली आला, आणि देशभर लागू झालेला हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा. काही जातींमध्ये काडीमोडीची रूढी होती, पण काकासाहेबांच्या घराला ती लागू नव्हती. फसवणूक झाली म्हणून लग्न रद्द करून घ्यावे, तर हिंदू विवाह हा संस्कार मानला जात असल्याने एकदा विधी पुरे झाल्यावर ते जवळपास अशक्य होते. नवऱ्यापासून वेगळे राहून पोटगी मागण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत देणारा कायदा १९४६ सालचा. १९२९ सालच्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ केले होते, पण नवरा-नवरीच्या वयात किती अंतर असावे याविषयी तो काहीच म्हणत नव्हता. म्हणजे नीराला नवरा जिवंत असेपर्यंत सुटका नव्हती. नवरा मेल्यावर मात्र होती, कारण १८५६ सालच्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिलेली होती. विवाहितेसाठी पूर्ण बंद आणि विधवेसाठी किलकिले, असे ते दार होते.

वकीलबाई म्हणाल्या, "लेखकाने मृत्यू सोय म्हणून आणलेला नाही. त्या वेळच्या कायद्यानेच तेवढी एक वाट शिल्लक ठेवली होती, आणि काकासाहेब स्वतः वकील आहेत. ही गोष्ट त्यांच्याइतकी त्या घरात कोणालाच ठाऊक नसणार."

यानंतर त्यांनी आणखी एक बारकावा दाखवला, जो मला या संपूर्ण अभ्यासातला सर्वांत मोलाचा वाटतो. १८५६ सालच्या कायद्याच्या दुसऱ्या कलमानुसार पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा पोटगीचा आणि वारशाचा हक्क संपुष्टात येतो. मृत्युपत्राने तिला मर्यादित हक्क दिलेला असेल तर तोही जातो. मात्र त्या मृत्युपत्रात पुनर्विवाहाची स्पष्ट परवानगी दिलेली असली, तर तो हक्क या कलमातून सुटतो. काकासाहेबांचे पत्र म्हणजे मृत्युपत्र नव्हे, आणि चित्रपट मालमत्तेविषयी असे काही सुचवतही नाही. तरीही मरताना पुनर्विवाहाची परवानगी लिहून ठेवणारा माणूस वकील असावा, या योगायोगाकडे त्यानंतर गटातला कोणीही पूर्वीसारखे पाहू शकला नाही. पत्रातली परवानगी आपल्याला आज केवळ भावनिक वाटते. त्या काळी अशा लेखी शब्दाला कायद्यातही वजन असू शकत होते.

तरुण लेखकाने यावर लगेच प्रतिप्रश्न केला आणि तो चांगला होता: "ताई, मग वकील असलेले काकासाहेब आधी कायदा का वापरत नाहीत?" नांदायला नकार देणाऱ्या बायकोविरुद्ध वैवाहिक हक्क मिळवण्याचा दावा लावता येत असे. मुंबईकरांना हे ठाऊक असण्याचे कारण रखमाबाईंचा खटला. रखमाबाईंचे पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली लावलेल्या त्या दाव्यात न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ साली रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला, आणि १८८७ साली नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली, आणि १८८८ साली तडजोडीने प्रकरण मिटले. 'कुंकू'च्या पन्नास वर्षे आधी एका खऱ्या स्त्रीने खऱ्या न्यायालयात नीराचाच नकार उच्चारला होता. वकील नवऱ्याच्या घरात घडणाऱ्या कथेत या दाव्याची साधी धमकीही येऊ नये, ही गोष्ट खटकते. आली असती तर काकासाहेबांचा हट्ट अधिक धारदार झाला असता, आणि तो दावा लावता येत असूनही न लावणे हे त्यांच्या बदलाचे पहिले पाऊल ठरले असते. एवढी भक्कम पायरी हाताशी असताना पटकथेने ती वापरली नाही, हा माझ्या मते खरा दोष आहे आणि तो मृत्यूच्या दोषापेक्षा मोठा आहे.

कच्चा दुवा नेमका कुठे

यामुळे तिसऱ्या बैठकीत प्रश्नाचे रूपच बदलले. काकासाहेबांनी का मरावे याऐवजी, मरण्याआधीच्या भागात कथा कोणाची राहते, हा प्रश्न पुढे आला.

पहिल्या भागात प्रत्येक वळण नीराच्या निर्णयातून येते. ती नकार देते, ती छडी उचलते, ती गाते, आत्याबाईंच्या धाकाला ती जुमानत नाही. घरातली माणसे तिच्या कृतीला प्रतिसाद देतात. काकासाहेबांच्या मनात पश्चात्ताप जागा होऊ लागतो तसतसा हा क्रम उलटतो. आता पाहण्यासारखे जे घडते ते काकासाहेबांच्या मनात घडते, आणि नीरा त्या बदलाची साक्षीदार होते. केशवराव दाते यांचा अभिनय इतका थोर आहे की हा बदल आपल्याला बराच वेळ जाणवतही नाही. आपण म्हाताऱ्याबरोबर हळहळू लागतो. ज्या कथेची सुरुवात एका मुलीच्या नकाराने झाली, ती एका पुरुषाच्या औदार्याने संपते. नीराला मुक्तता मिळते, पण ती तिने मिळवलेली नाही, तिला दिली गेली आहे. आणि देणारा हा तिच्यावर अन्याय करणाराच आहे.

वकीलबाईंना हे मान्य नव्हते, आणि त्यांचा युक्तिवाद मी प्रामाणिकपणे नोंदवतो. त्यांच्या मते काकासाहेबांचा बदल ही नीराचीच कमाई आहे. तिने एकदाही माघार घेतली नाही, म्हणूनच त्या माणसाला आपले घर, आपला हट्ट आणि आपले वय यांच्याकडे पाहावे लागले. कायदा, समाज, नातेवाईक, सगळे त्याच्या बाजूला असताना त्याला हरवण्याचे एकच साधन तिच्याकडे होते, ते म्हणजे टिकून राहणे. गांधीजींच्या सत्याग्रहाच्या दशकात हा चित्रपट पाहणाऱ्या प्रेक्षकाला समोरच्याचे मन बदलणे हा पराभव वाटलाच नसता, विजयच वाटला असता. हा युक्तिवाद मजबूत आहे. मला तो निम्मा पटतो. उरलेला निम्मा अडतो तो पत्रापाशी. नीराने पुन्हा लग्न करावे, अशी काकासाहेबांची इच्छा आहे. नीराची इच्छा काय आहे? संपूर्ण चित्रपटात तिने कोणत्याही दुसऱ्या पुरुषाची आस बाळगलेली नाही, आणि ही या पटकथेची फार मोठी ताकद आहे, कारण तिचा नकार प्रियकरासाठी नाही, तत्त्वासाठी आहे. अशा मुलीच्या आयुष्याचा पुढचा टप्पा पुन्हा लग्न हाच असेल, हे तिच्या वतीने ठरवले जाते. मामाने तिचे लग्न पैशासाठी ठरवले आणि काकासाहेबांनी सद्हेतूने. हेतूंमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर आहे, मान्य. पण ठरवणारी दोन्ही वेळा ती नव्हती.

हा दोष एकट्या शांतारामांचा नाही, आणि इथे थोडे मागे जायला हवे. जरठ-कुमारी विवाहावरचे मराठीतले सर्वांत गाजलेले नाटक म्हणजे गोविंद बल्लाळ देवल यांचे १८९९ सालचे 'शारदा'. तिथे म्हाताऱ्या भुजंगनाथाशी लागू पाहणारे लग्न मोडते ते वर आणि वधूचा बाप सगोत्र निघाल्यामुळे. लग्न अन्याय्य आहे म्हणून ते मोडत नाही, शास्त्रात बसत नाही म्हणून मोडते. शारदेच्या भीतीने आणि दुःखाने प्रेक्षकाच्या पोटात कालवाकालव होते, पण सुटका एका तांत्रिक कारणाने होते. 'कुंकू' त्याच्या कितीतरी पुढे गेला. नीराचे लग्न लागलेच, आणि नाटक जिथे थांबले असते तिथून चित्रपट सुरू झाला. लग्न लागल्यानंतर काय, हा प्रश्न विचारणे हेच त्याचे मोठेपण. तरी अखेरच्या दाराची किल्ली याही वेळी नायिकेच्या हातात नाही, आणि अडतीस वर्षांत झालेला हा बदल किती मोठा आणि किती अपुरा होता, ते या दोन कलाकृती शेजारी ठेवल्यावर दिसते.

विधवा मुलीच्या पात्राविषयीही एक तक्रार नोंदवायची आहे. ही भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली. रँग्लर परांजपे यांच्या या कन्येने प्रत्यक्ष आयुष्यात संततिनियमनाचे काम केले आणि पुढे राज्यसभेत राष्ट्रनियुक्त सदस्य म्हणून काम पाहिले. पडद्यावर त्या येतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात अनुभवाची खात्री जाणवते. पण पटकथेने त्यांना फार उशिरा आणले आहे. विधवा असून स्वतःच्या पायावर उभी असलेली ही स्त्री नीरासाठी एक जिवंत पर्याय होती: लग्नाशिवायही जगता येते, याचा पुरावा. पटकथा तिचा उपयोग बापाचे डोळे उघडण्यासाठी करते, नीराची वाट दाखवण्यासाठी मात्र फारसा करत नाही. सावत्र मुलाचा धागा तर छडीच्या प्रसंगानंतर सैलच पडतो. त्यावर अधिक बोलण्यासारखे काही नाही.

इतर चित्रपटांवर ताडून पाहता

मृत्यूने शेवट करण्याची सवय हा आक्षेप एका चित्रपटावरून सिद्ध होत नाही, म्हणून आम्ही चार चित्रपट बाजूला ठेवून पाहिले. 'शेजारी' (१९४१) मध्ये धरण फुटते आणि दुरावलेले पाटील आणि मिर्झा एकमेकांच्या सोबतीने मरतात. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) मध्ये सहा खुन्यांना माणसात आणणारा जेलर बैलाशी झुंजताना जखमी होऊन जातो. 'पिंजरा' (१९७२) मधला मास्तर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फाशी जातो, कारण खरे सांगितले तर गावाने उराशी धरलेला आदर्श कोसळेल. तिन्ही ठिकाणी मृत्यूमुळे एक विचार पवित्र होतो आणि एक व्यवहारी प्रश्न अनुत्तरित राहतो. धरणानंतर गावात दोन जमातींनी कसे राहायचे? जेलर नसताना त्या सहा जणांनी कसे टिकायचे? मास्तरच्या खोट्यावर गावाचे शहाणपण किती दिवस उभे राहील? मला यांपैकी 'पिंजरा'चा शेवट सर्वांत भक्कम वाटतो, कारण तिथे मृत्यू हा नायकाने स्वतः केलेल्या निवडीतून येतो आणि त्या निवडीची किंमत चित्रपट लपवत नाही. 'दो आँखें बारह हाथ'चा बैल मात्र बाहेरून सोडलेला आहे, कथेच्या अर्थाने आणि शब्दशः देखील.

चौथा चित्रपट आक्षेपाच्या विरोधात जातो, आणि म्हणून तो सर्वांत महत्त्वाचा. 'कुंकू'नंतर दोनच वर्षांनी, १९३९ साली आलेल्या 'माणूस'मध्ये शाहू मोडक यांचा पोलीस शिपाई गणपत आणि शांता हुबळीकर यांची मैना यांची गाठ पडते. 'देवदास'च्या झिजून मरणाऱ्या प्रेमाला हे शांतारामांचे उत्तर होते. मैना आपल्याला छळणाऱ्या मामाचा खून करते, तुरुंगात जाते आणि गणपत सोडवायला आलेला असतानाही सुटका नाकारते. प्रेमभंगाने माणसाने मरू नये, जगत राहावे आणि काम करावे, हे इथे कोणाच्या तोंडी न घालता कथेतून उभे राहते. म्हणजे मृत्यूवाचून शेवट करणे या दिग्दर्शकाला येत नव्हते, असे म्हणता येत नाही. आणि 'माणूस'मध्ये शेवटचा निर्णय मैनेचा आहे, हे 'कुंकू'शी ताडून पाहिले की झटकन डोळ्यांत भरते. गणपतने देऊ केलेली सुटका ती घेत नाही. देणाऱ्याचे औदार्य नाकारण्याचा जो हक्क नीराला पटकथेने दिला नाही, तो मैनेला मिळाला. नीराच्या कथेत राहून गेलेले काहीतरी शांतारामांनी दोन वर्षांनी पूर्ण केले, असे मानायला मला आवडते. ते सिद्ध करता येणार नाही, पण दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिल्यावर ही शंका मनातून जात नाही.

शेवटची वीस मिनिटे पुन्हा लिहिताना

तिसऱ्या बैठकीच्या अखेरीस एक काम दिले. प्रत्येकाने 'कुंकू'ची शेवटची वीस मिनिटे पुन्हा लिहायची, अट एवढीच की १९३७ सालचा कायदा मोडायचा नाही. आठ जणांनी लिहून आणले. पाच जणांच्या लेखनात काकासाहेब मेलेच. मी स्वतः त्या पाचांपैकी एक होतो, आणि आक्षेप घेणे सोपे असले तरी वाट काढणे किती अवघड आहे ते मला तेव्हा हाताला कळले. काकासाहेबांना जिवंत ठेवणाऱ्या तिघांनाही नीराला कुंकवासकटच घराबाहेर काढावे लागले.

वकीलबाईंनी मृत्यू काढून टाकला होता. त्यांच्या लेखनात काकासाहेब दावा लावण्याचे कागद तयार करतात, मुलीशी वाद होतो, ते कागद फाडतात, आणि नीरा त्या विधवा मुलीबरोबर घर सोडते. कपाळावर कुंकू तसेच राहते. दुसरे लग्न नाही, नवऱ्याकडून पत्र नाही, पोटगीचा भरवसा नाही. चित्रपटाचे नाव त्यामुळे अधिक बोचरे होते, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते खरे आहे. तरुण लेखकाला हा शेवट फार कोरडा वाटला. त्याने आत्महत्या ठेवली, पत्रही ठेवले, एक शब्दही बदलला नाही. फक्त पत्रानंतर त्याने एक प्रसंग वाढवला. त्यात नीरा ते पत्र काकासाहेबांच्या मुलीला मोठ्याने वाचून दाखवते, घडी घालते आणि पुनर्विवाहाविषयी आपले स्वतःचे मत सांगते. कुठल्याही पुरुषाच्या उपस्थितीवाचून, भिंतीवरच्या घड्याळाच्या आवाजात.

ते मत काय असावे यावर तो अडला होता. त्याने तीन पर्याय लिहून तिन्ही खोडले होते, आणि कागदावर नीराच्या नावापुढची जागा मोकळी ठेवून तो बैठकीला आला होता.